सावळीराम गवळ्याची कैफियत

नव्वद दिवसांत सावळीराम माझ्याकडे किती वेळा आला ते मी मोजलं नाही. पण शेवटी शेवटी तो गेटातून आत येताना दिसला की मी प्रिंटरमध्ये कागद अडकल्याचं सोंग करायचे. नाशिकच्या कोर्टाबाहेर पत्र्याखाली माझं टायपिंगचं टेबल आहे. अर्ज, दावे, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, येईल ते मी टाइप करते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि ती चढणाऱ्यांवर माझं घर चालतं. बावीस वर्षं लोकांची भांडणं टाइप करून माझा स्वभाव तिरसट झालाय असं घरचे म्हणतात. खोटं नाही ते.

सावळीराम मखमलाबाद रोडचा गवळी. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने काटक, पांढरा लेंगा-सदरा, जवळ आला की वैरणीचा वास. अकरा म्हशी आणि एक रेडा. धाकटा भाऊ आणि त्याची बायको लंकाबाई त्याच आवारात राहतात, गोठा सगळ्यांचा मिळून. पहाटे दूध काढायचं, मोटरसायकलला किटल्या अडकवायच्या आणि घरोघर घालून यायचं, हे तो तीस-पस्तीस वर्षं करत आला होता. त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा झाला होता. दाव्याला जे लेखी उत्तर द्यायचं त्याला कैफियत म्हणतात, आणि ती फार तर नव्वद दिवसांत द्यावी लागते. त्याचे वकील शेखरसाहेब, आणि शेखरसाहेबांची कामं माझ्याकडेच येतात.

हा माणूस बसायचा नाही. खुर्ची पुढे केली तर तिची पाठ धरून उभा राहायचा, मग सोडून चार पावलं जायचा, परत यायचा. आणि प्रत्येक वेळी एकच विचारायचा.

"ताई, पण माझी चूक काय?"

पहिल्या चार-पाच वेळा मला त्याची दया आली. नंतर राग यायला लागला.

झालं होतं असं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गवळी लोक म्हशी-रेडे सजवून म्हसोबाच्या दर्शनाला नेतात. अंगावरचे केस भादरून नक्षी काढतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांचे पट्टे, डोक्याला मोरपिसं. देवापुढे रेड्याला गुडघे टेकायला लावतात, आणि ज्याचा रेडा झोकात टेकतो त्याचं नाव वर्षभर निघतं. सावळीरामचा रेडा बाळ्या दर वर्षी टेकायचा. त्याची आई व्यायल्यावर दोन दिवसांत मेली, म्हणून सावळीरामच्या बायकोने, कुसाबाईने, त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. दारातून आत जाताना अंग चोरावं लागेल एवढा झाला तरी नाव बाळ्याच.

त्या दिवशी सावळीरामने जेवढी काळजी घेतली तेवढी कुठल्या नवरदेवाची घेतलेली मी पाहिली नाही. गर्दी व्हायच्या आत जाऊन यावं म्हणून उजाडताच निघाला. ढोल-ताशा नको म्हणाला. बाळ्याच्या कानात कापसाचे बोळे घातले. वेसण नवी, तिला दोन दोर, दोन बाजूंना दोन गडी, मागच्या पायाला आणखी एक दोर, आणि स्वतः तोंडाशी. काही जण त्या दिवशी जनावराला दारू पाजतात. याने गड्यांनासुद्धा आदल्या दिवसापासून दारूला हात लावू दिला नव्हता.

पंचवटीत एका वळणावर लताबाई झेंडूची फुलं घेऊन पोत्यावर बसली होती. साठीची बाई, सणासुदीला त्याच जागी बसणारी. बाळ्या तिच्यासमोरून शांत चालला होता आणि एकाएकी त्याने मान फिरवली. फटाका नाही, कुत्रं नाही, कोणी डिवचलं नाही. वेसण तुटली, एक गडी फरफटत गेला, आणि लताबाईला उठायला वेळच मिळाला नाही. तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालते, पण जमिनीवर बसता येत नाही. फुलं विकणाऱ्या बाईला जमिनीवर बसता आलं नाही तर तिने करायचं काय, असं तिच्या वकिलाने दाव्यात लिहिलं होतं.

शेखरसाहेब पहिल्यांदा मजकूर सांगायला बसले तेव्हा सावळीराम शेजारी उभा होता. "सदर रेडा स्वभावाने शांत असून त्याने यापूर्वी कधीही कोणासही इजा केलेली नाही. त्याचा स्वभाव मारका असल्याची प्रतिवादीस कोणतीही कल्पना नव्हती." खरं सांगायचं तर साहेब बोलायच्या आधीच मी हे टाइप करून ठेवलं होतं. कुत्रा चावल्याच्या दाव्यांत हेच वाक्य असतं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये ते तयार आहे, मी फक्त कुत्र्याच्या जागी रेडा घातला.

"आता माझी काळजी लिहा," सावळीराम म्हणाला. "तीन दोर व्हते. कानात कापूस व्हता. गडी कुठं कुठं चालत व्हते ते बी लिहा."

"ते लिहायचं नाही," साहेब म्हणाले.

सावळीराम त्यांच्याकडे बघतच राहिला. मग साहेबांनी त्याला समजावलं, आणि इतकी वर्षं टाइप करूनही मला ते त्या दिवशीच नीट कळलं. माणूस निष्काळजी वागला, त्यामुळे दुसऱ्याला इजा झाली, तर त्याने ती भरून द्यायची, हे कोणालाही पटतं. पण काही ठिकाणी कायदा काळजी-निष्काळजी बघतच नाही. आपलं जनावर मारकं आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक असेल, तर त्याने एक दोर लावला काय आणि दहा लावले काय, इजा झाली की जबाबदारी त्याची. ठाऊक असून पाळलंस ना, मग भर. ठाऊक नसेल तर मात्र समोरच्याला याची हलगर्जी सिद्ध करून दाखवावी लागते.

"मग हलगर्जी नव्हतीच की," सावळीराम म्हणाला. "म्हणून तर म्हणतो लिहा."

"लिहा तुम्ही," साहेब म्हणाले. "आणि उद्या त्यांचा वकील तुम्हाला पिंजऱ्यात उभं करून विचारेल, रेडा एवढा गरीब होता तर कानात कापूस कशाला? मागच्या पायाला दोर कशाला? बाकीचे गवळी वाजवत गाजवत नेतात, तुम्हीच ढोल का नाकारला? तुम्हाला कसली भीती होती? काय सांगाल?"

खुर्चीची पाठ सावळीरामने दोन्ही हातांनी धरली होती.

"कायद्याला तुमची चूक नकोय," साहेब म्हणाले. "तुम्हाला काय ठाऊक होतं तेवढं हवंय. ते मी तुम्हाला विचारत नाही, आणि तुम्ही मला सांगू नका."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी त्याची गत झाली. काळजी सांगावी तर ठाऊक होतं हे उघडं पडतं, आणि ठाऊक नव्हतं म्हणावं तर काळजी गिळावी लागते. त्याला ज्या गोष्टीचा अभिमान होता नेमकी तीच लपवायची होती. घरी वाचतो आणि सही करून आणतो म्हणाला, कागद घेऊन गेला, आणि दोन दिवसांनी सही न करताच परत आला.

तिथून पुढे हेच चाललं. एकदा म्हणाला तीन नाही तर एक दोर तरी लिहा. एकदा म्हणाला चार गवळी साक्षीला आणतो, बाळ्या गरीब आहे म्हणून सांगतील. ते आले असते तर काय म्हणाले असते या विचाराने स्वतःच घाबरून नको म्हणाला. एकदा घरातले होते नव्हते ते सगळे कागद पिशवीत भरून घेऊन आला. म्हशींच्या लसीकरणाचे कागद, घरपट्टी, लाइटबिल, आणि त्यातच कुसाबाईचा दोन वर्षांपूर्वीचा दवाखान्याचा कागद, गोठ्यात घसरून पडल्याने उजव्या बरगड्यांना इजा. तो त्याने माझ्या हातातून घाईने काढून घेतला. गोठ्यात काम करणाऱ्या बायका पडतातच, मी मनात म्हटलं, आणि त्याला पिशवी उचलायला सांगितलं, कारण मागे तीन माणसं ताटकळली होती.

अपघात झाल्यापासून तो लताबाईच्या घरी रोज लिटरभर दूध पाठवत होता. साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी ते थांबवायला सांगितलं. उद्या हेच दूध कोर्टात कबुलीसारखं दिसेल म्हणाले. हे मात्र सावळीरामला फार लागलं.

"ताई, आजारी बाईला दूध घालणं बी गुन्हा का?"

"गुन्हा नाही भाऊ, पुरावा," मी म्हटलं. उत्तर मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं. घरी जाऊन चहा ठेवताना माझी मलाच लाज वाटली.

मग एक दिवस मी चिडून सरळच विचारलं. "भाऊ, खरं सांगा, त्याने आधी कोणाला मारलं होतं का?"

"जनावर हाय ताई."

"म्हणजे मारलं होतं?"

"जनावराचा काय भरोसा," असं म्हणून तो चालू लागला. ताकास तूर लागू दिली नाही. पण त्या दिवसापासून माझंही चित्त थाऱ्यावर राहिना. ते तयार वाक्य मी आजवर किती जणांच्या तोंडी घातलं असेल. त्यातल्या कितीकांना आपल्या कुत्र्याचा स्वभाव पक्का माहीत असणार, आणि त्यांनी निमूटपणे सही केली. या एका माणसाची सही होत नव्हती आणि मी त्याच्यावर चिडत होते.

नव्वदावा दिवस सोमवारी आला. सकाळी अकराला सावळीराम कुसाबाईला घेऊन आला. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. बारीक चणीची बाई, डोक्यावरून पदर, उजवा हात कुशीला धरलेला. ती खुर्चीवर बसली, तो तिच्या मागे उभा राहिला. शेखरसाहेब काळा कोट चढवत आले आणि उभ्या उभ्याच मला म्हणाले, "वाचून दाखवा आणि सही घ्या. मी वरच्या कोर्टात तारीख घेऊन येतो. आजची वेळ चुकली तर मी काही करू शकणार नाही."

मी वाचायला लागले. दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावं, कलम एक, कलम दोन. कुसाबाई मान हलवत ऐकत होती. पाचव्या कलमात ते वाक्य आलं, आणि तिने मला हाताने थांबवलं.

"तेवढं परत वाचा."

"यापूर्वी कधीही कोणासही इजा केलेली नाही," मी परत वाचलं.

"हां," ती म्हणाली. "म्हंजी मी पडलेच म्हणायची."

"अगं," सावळीराम म्हणाला.

"नाय, बराबर हाय. डॉक्टरला बी तुम्ही तेच सांगितलं. मला तवा दम घेता येत नव्हता, बोलाया येत नव्हतं. शेणात पाय घसरला म्हणून तुम्हीच सांगितलं." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "भिंतीला दाबलं व्हतं त्यानं मला, ताई. वैरणीचं घमेलं मधी आलं म्हणून वाचले. मीच पाजलेला तो. मला बी खरं वाटंना."

गवळ्याचं जनावर घरच्याच बाईला मारतं म्हटलं की त्या गवळ्याची पत गेली. लोक आपल्या म्हशी त्याच्या रेड्याकडे फळवायला आणायचे बंद होतात, पाडव्याचा मान जातो, आणि ज्याला घरचं जनावर सांभाळता येत नाही तो कसला गवळी असं चारचौघांत बोललं जातं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हणून कुसाबाई पडली, असं ठरलं. आणि एकदा ठरल्यावर ते सगळ्यांनी खरं धरलं. कुसाबाईचा तोल जातो, तिला जपा. लंकाबाईने मायेनेच तिच्या हातातली चरवी काढून घेतली आणि दूध काढायचं काम स्वतःकडे घेतलं.

"तीस वर्सं म्हशीखाली बसले मी," कुसाबाई म्हणाली. "एक थेंब खाली नाय सांडला. आता किटली उचलली की पोरंसोरं धावत येतात, काकू राहू द्या, पडाल. दोन वर्सं झाली, मी निस्ती भांडी घासते." तिने पदर सारखा केला. "त्या लताबाईला दूध मीच नेते. वकिलांनी नको म्हटलं तरी नेते. ती रोज विचारती, असं अचानक कसं गं झालं त्याला? मी म्हणते, अचानकच झालं बाई. रोज म्हणते."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो ते मी अनेक दाव्यांत टाइप केलंय. समोर बसून सांगणारी बाई पहिल्यांदा पाहिली. मी उगाच की-बोर्ड पुसत बसले.

सावळीराम कुठेही गेला नाही, चार पावलंसुद्धा नाही. तो म्हणाला, "मला ठाऊक व्हतं, ताई. ठाऊक असून नेला त्याला. या वर्षी नाय नेला तर लोक का म्हणून विचारतील, म्हणून नेला. वाटलं, दोर लावले म्हंजी झालं." मग म्हणाला, "तीन महिने मी तुम्हाला इचारतोय चूक काय, चूक काय."

मी पाचवं कलम स्क्रीनवर परत उघडलं.

"ते वाक्य काढा," तो म्हणाला.

"काढते. तिथे काय घालू?"

"लिहा. या रेड्यानं दोन वर्सांपूर्वी माझी बायको कुसाबाई हिला गोठ्यात भिंतीला दाबून बरगड्या मोडल्या. ती पडली नव्हती. पडली असं मी डॉक्टरला खोटं सांगितलं. रेडा मारका हाय हे मला तवापासून ठाऊक व्हतं."

मी ते कोर्टाच्या भाषेत बदलत लिहीत गेले. 'ती पडली नव्हती' एवढं मात्र जसंच्या तसं ठेवलं, त्याला कोर्टाची भाषा लावायला माझा हात धजावला नाही.

"आणि आता दोर लिहा," तो म्हणाला. "तिन्ही. कापूस बी लिहा."

ते मी सगळं लिहिलं, गडी कुठे कुठे चालत होते तेसुद्धा. त्याने नव्वद दिवस जे लिहून मागितलं होतं ते पाच मिनिटांत लिहून झालं.

शेखरसाहेब परत आले, कागद वाचला, चष्मा काढला. मला वाटलं ते माझ्यावर ओरडतील. ते सावळीरामला म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं होतं, मला सांगू नका."

"तुम्हाला नाय सांगितलं साहेब. कागदाला सांगितलं."

"याचा अर्थ कळतो ना? हा कागद आत गेला की आपण दावा हरलो. त्या तिन्ही दोरांचा काही उपयोग नाही. म्हशी विकाव्या लागतील."

"अकरा हायेत," सावळीराम म्हणाला. "तीन-चार गेल्या तरी गोठा ऱ्हातो."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. माणूस वाईट नाही, पण हरलेला कागद हातात धरायची त्यांना सवय नाही. शेवटी म्हणाले, लताबाईच्या वकिलाशी तडजोडीचं बोलून बघतो, आणि सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली. सावळीरामने टेबलावर वाकून, एकेक अक्षर जोडत सही केली. सही झाल्यावर त्याने हात सदऱ्याला पुसला.

साहेब कागद घेऊन निघाले तेव्हा कुसाबाई उठली.

"याची एक झेरॉक्स मला मिळंल का?"

"तुम्हाला कशाला?" साहेबांनी विचारलं.

"लंकाबाईला दाखवायची हाय."

मी साहेबांच्या हातून कागद घेतला, त्या पानाची प्रत काढली आणि तिला दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिने पान उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

"माझं कुठं लिहिलंय ते दाखवा."

मी त्या तीन शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढली. तिने त्या रेघेवर अंगठा ठेवला. सावळीरामने कागद ठेवायला पिशवी उघडून पुढे केली, तर ती नको म्हणाली. घडी पडेल म्हणाली, आणि पान तसंच दोन्ही हातांत धरून गेटाकडे चालू लागली.